अर्ध्या पानाची परीक्षा

(एक विद्यार्थिनी, इयत्ता अकरावी)

गेल्या सहामाहीत आमच्या वर्गाची संगणकाची प्रात्यक्षिक परीक्षा झाली. तीत मला वीसपैकी वीस गुण मिळाले आणि लोधीखेड्याहून रोज बसने सौंसरला येणाऱ्या माझ्या एका वर्गबंधूस अकरा. हा निकाल उलटा लागावयास हवा होता, असे माझे प्रामाणिक मत आहे. ज्यास कमी गुण मिळाले त्याने असे म्हटले तर लोक त्यास हेवा म्हणतात. ज्यास अधिक मिळाले त्याने म्हटले तर निदान ऐकून तरी घेतात. म्हणून ही लेखणी मी उचलली आहे.

परीक्षेचे काम असे होते. आम्ही विद्यार्थ्यांनी शिक्षकांच्या देखरेखीखाली शाळेचे एक संकेतस्थळ बांधले आहे. त्यातील फाईलींची एकेक प्रत प्रत्येकास देण्यात आली. त्या फाईली एडिटरमध्ये, म्हणजे संगणकाचा कोड लिहिण्याच्या साधनात, उघडावयाच्या आणि जेथे जेथे लाल नागमोडी रेघ दिसेल तेथील चूक दुरुस्त करावयाची. तासाच्या अखेरीस जितक्या रेघा उरतील तितके गुण वजा. माझ्या पडद्यावर एकही रेघ उरली नाही. त्याच्या पडद्यावर नऊ उरल्या, आणि त्या त्याने जाणूनबुजून ठेविल्या होत्या.

ज्या वाचकांचा या विद्येशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडा खुलासा करणे अवश्य आहे. संकेतस्थळाचे पान एचटीएमएल नावाच्या खुणांच्या भाषेत लिहितात. बीजगणितात कंस उघडला की तो मिटावा लागतो, त्याप्रमाणे या भाषेत बहुतेक भागांच्या आरंभी एक उघडती खूण आणि शेवटी एक मिटती खूण असते. या खुणांस टॅग म्हणतात. (काही खुणा न मिटल्या तरी चालतात, परिच्छेदास ही सवलत नियमानेच दिलेली आहे. परंतु 'डिव्ह' नावाची जी पेटी असते, जिच्यात मजकूर ठेवून त्याची रुंदी आणि समास ठरवितात, तिला ही सवलत नाही.)

आता आमच्या संकेतस्थळाची पाने आहेत बत्तीस. प्रत्येक पानाच्या माथ्यावर शाळेचे नाव, बोधचिन्ह आणि पत्ता, व तळाशी संपर्काचा मजकूर सारखाच. तो बत्तीस वेळा लिहून ठेवणे हा शुद्ध वेडेपणा होय. २०२३ साली छिंदवाडा जिल्ह्यातून पांढुर्णा आणि सौंसर या दोन तहसिली वेगळ्या काढून पांढुर्णा हा नवा जिल्हा करण्यात आला, हे आपणा सर्वांस ठाऊक आहेच. आमच्या पुढच्या तुकडीतील ताई सांगतात की, त्या वेळी पाटीपासून शिक्क्यापर्यंत सारे काही बदलण्यात कित्येक महिने गेले. संकेतस्थळावर मात्र एका फाईलीतील एक शब्द बदलला आणि बत्तीस पानांवर जिल्हा बदलला. याचे कारण असे की, माथ्याची फाईल एक, तळाची फाईल एक आणि मधला मजकूर ज्याच्या त्याच्या पानात, अशी रचना आहे. 'येथे माथा घ्यावा', 'येथे तळ घ्यावा' एवढीच आज्ञा पानात लिहिलेली असते. कोणी पान मागितले की सर्व्हर हे तुकडे जोडतो आणि अखंड पान मागणाऱ्याकडे धाडतो. या रीतीस 'इन्क्लूड' असे नाव आहे.

ही काही आमच्या शाळेची युक्ती नव्हे. रासमुस लेर्डोर्फ यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या पीएचपी या भाषेत ती पूर्वीपासून रुळलेली आहे, आणि २००३ साली निघालेल्या वर्डप्रेसच्या जुन्या पद्धतीच्या साच्यांतही माथा व तळ यांच्या फाईली अशाच वेगळ्या असतात. पेटी माथ्याच्या फाईलीत उघडते आणि तळाच्या फाईलीत मिटते. जगातील असंख्य पाने या रीतीने चालली आहेत.

घोटाळा होतो तो एडिटरमध्ये. एडिटर माझ्यासमोर जी फाईल उघडी आहे तेवढीच वाचतो. माथ्याची फाईल वाचून तो म्हणतो, 'पेटी उघडली, पण मिटली नाही.' तळाची फाईल वाचून म्हणतो, 'मिटती खूण आहे, पण काही उघडलेच नव्हते.' दोन्ही ठिकाणी लाल रेघ. आणि पान तर ब्राउझरमध्ये ठाकठीक दिसत असते!

मी काय केले ते आता सांगते. माथ्याच्या फाईलीच्या शेवटी मी पेटी मिटवून टाकली आणि तळाच्या फाईलीतील 'जादा' मिटती खूण खोडली. दोन रेघा गेल्या. पुढे, माथ्याच्या फाईलीत 'शीर्षक' या नावाचा चार ठिकाणी उपयोग केलेला होता, आणि ते नाव कोठे ठरविलेलेच नाही अशी एडिटरची तक्रार होती. वस्तुतः ते ज्या त्या पानात ठरविलेले होते: क्रीडेच्या पानात 'क्रीडा', ग्रंथालयाच्या पानात 'ग्रंथालय'. मी माथ्याच्या फाईलीतच 'शीर्षक म्हणजे आमची शाळा' असे लिहून दिले. चार रेघा गेल्या. शेवटी तीन चित्रांचे पत्ते सापडत नाहीत अशी तक्रार. ब्राउझर चित्राचा पत्ता अखंड पान जेथे आहे तेथून मोजतो, एडिटर मात्र तुकडा ज्या फोल्डरमध्ये ठेवलेला आहे तेथून मोजीत होता. मी पत्ते एडिटरच्या मनाजोगते करून दिले. तीन रेघा गेल्या. वीसपैकी वीस.

उत्तम उत्तर म्हणून माझीच प्रत शनिवारी संकेतस्थळावर चढविण्यात आली. सोमवारी मुख्याध्यापकांनी कोणा पालकांस दाखविण्यासाठी पान उघडले, तेव्हा मजकूर पेटीबाहेर पडून पडद्याच्या या काठापासून त्या काठापर्यंत पसरला होता, बोधचिन्हाच्या जागी रिकामा चौकोन होता आणि बत्तीसही पानांचे शीर्षक 'आमची शाळा' असे झाले होते. गंमत अशी की, ते जोडलेले पान तपासले असते तर उघडत्या-मिटत्या खुणांचा हिशेब त्यात बरोबर जुळला असता. पेटी उघडत होती आणि लगेच मिटत होती. फक्त तिच्यात जे असावयाचे ते नव्हते.

लोधीखेड्याच्या त्या मुलाने या नऊ रेघांस हात लावला नव्हता. परीक्षेच्या वेळी बाईंनी विचारले, तेव्हा तो एवढेच म्हणाला, "बाई, याची सुरुवात थ्या वरच्या फाईलीत हाये न!" बाई घाईत होत्या, चाळीस मुले तपासावयाची होती, त्यांनी रेघा मोजल्या आणि नऊ गुण कमी केले.

त्याचे हे वाक्य मी घरी गेल्यावर फोनवर टिपून ठेविले. 'थ्या' आणि 'हाये' या शब्दांखाली तशीच लाल रेघ आली. आमच्याकडील अनेकांच्या फोनप्रमाणे वडिलांच्या फोनची भाषा हिंदी ठेवलेली आहे. त्यावर तर 'आहे' हा सरळ प्रमाण मराठी शब्दही चूक ठरला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्यप्रदेशातच राहिला. तेव्हापासून सौंसर-पांढुर्ण्याची मराठी एका राज्यात बोलली जाते आणि तिचे कोश व पाठ्यपुस्तके मुख्यतः दुसऱ्या राज्यात तयार होतात. जो तपासनीस आपल्याजवळचीच एक वही पाहील त्यास आमचे शब्द उपरे वाटणारच. यात त्याचा द्वेष नाही, अज्ञान आहे. तथापि ज्याच्या शब्दाखाली रोज रेघ उमटते त्या मुलाला हा भेद कोणी समजावून सांगत नाही. तो हळूहळू वर्गात बोलेनासा होतो. असो. हा विषय मोठा आहे आणि मला संगणकाकडे परत गेले पाहिजे.

एडिटरची बाजूही न्यायाने पाहावयास हवी. त्याने सर्व फाईली जोडून का पाहू नयेत, असा प्रश्न मलाही पडला होता. उत्तर असे की, कोणता तुकडा कोठे जोडावयाचा हे पुष्कळदा पान मागितले जाते त्या क्षणीच ठरते. एकच माथा बत्तीस पानांत जातो. एखाद्या पानास निराळा तळ असू शकतो. कधी आज्ञेत फाईलीचे नाव थेट न लिहिता 'अमुक झाले तर ही, नाही तर ती' असे लिहिलेले असते. केवळ तुकडा हातात घेऊन त्याचा जोडीदार कोण हे सांगणे, हे कित्येकदा माणसासही जमावयाचे नाही. पांढुर्ण्याकडे अशी कुटुंबे आहेत की ज्यांची काही शेती इकडे खसऱ्यात नोंदलेली असते आणि काही सीमेपलीकडे वरुडच्या बाजूस सातबाऱ्यावर. येथील पटवारी आपले दप्तर पाहून 'तीन एकर' म्हणतील. ते खोटे बोलत नाहीत. परंतु त्या तीन एकरांवरून त्या घराची एकूण मालमत्ता कोणी ठरवू लागला तर तो फसेल.

हा प्रश्न नवाही नाही. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत स्टीफन जॉन्सन यांनी सी भाषेतील आज्ञावली तपासण्यासाठी एक साधन तयार केले आणि १९७८ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याचे नाव त्यांनी 'लिंट' असे ठेविले. कापडास चिकटलेले बारीक तंतू वेचून काढावेत तशा बारीक चुका ते वेचून काढी, म्हणून हे नाव. आपल्या भागातील मुलांस हा शब्द शिकवावा लागणार नाही. जिनिंगमध्ये कापसातून सरकी निघून जी रुई उरते तिलाही व्यापारात लिंटच म्हणतात, आणि हंगामात जिनिंगवरून घरी आलेल्या माणसाच्या अंगरख्यावर ते तंतू आपण पाहिलेले आहेत. आज कोणत्याही तपासणाऱ्या साधनास 'लिंटर' हे जे सामान्य नाव पडले आहे, ते या मूळ लिंटवरूनच.

त्या पहिल्या लिंटमध्ये माझ्या मते एक मोठी शहाणपणाची सोय होती. मोठ्या आज्ञावलीच्या सर्व फाईली एकत्र न देता थोड्याच तपासावयाच्या असल्या, तर 'यू' या अक्षराची एक सूचना त्यास देता येई. ती दिली की, 'हे वापरले पण कोठे ठरविलेले दिसत नाही' किंवा 'हे ठरविले पण कोठे वापरलेले दिसत नाही' अशा तक्रारी ते करीत नसे. म्हणजे आपण तुकडा पाहत आहोत हे तपासनिसास अगोदर सांगण्याची व्यवस्था होती. आमच्या परीक्षेत ती सूचना कोणीही दिली नव्हती. ना एडिटरला, ना आम्हांला.

माझी फजिती झाल्यावर वर्गात दुसरा पक्ष लगेच उभा राहिला. तो म्हणू लागला, 'मग ही लाल रेघ बंदच करून टाकावी. खोटे बोलणारा तपासनीस हवा कशाला?' या पक्षाशीही माझे जमत नाही. आठवड्याभरातच त्याचा प्रत्यय आला. आमच्यापैकी एकाने तपासणी बंद करून वार्षिक संमेलनाचे पान लिहिले; त्यात दुव्याची खूण खरोखरीच मिटलेली नव्हती, त्यामुळे पुढचा सारा मजकूर निळा, अधोरेखित आणि दाबला की भलतीकडे नेणारा झाला. रेघ असती तर चूक त्याच क्षणी दिसली असती. याहून वाईट गोष्ट म्हणजे रेघा चालू ठेवून त्यांच्याकडे न पाहण्याची सवय. 'लांडगा आला रे आला' या गोष्टीत आपण त्या पोरास दोष देतो. परंतु शेवटी मेंढरे गेली ती गावकऱ्यांनी पाहणे सोडले म्हणून, हे कोणी बोलत नाही. नऊ खोट्या रेघांच्या शेजारी दहावी खरी आली तर ती कोणाच्या डोळ्यांत भरणार?

आणि खोट्या आरोपापेक्षाही फसवी गोष्ट आहे ती खोटी निर्दोषता. एचटीएमएलमध्ये एखाद्या भागास 'आयडी' म्हणून नाव देता येते, आणि ते नाव एका पानात एकदाच यावे असा नियम आहे. आमच्या माथ्याच्या फाईलीत एका भागाचे नाव 'मुख्य' होते आणि ग्रंथालयाच्या पानातही एका भागाचे नाव 'मुख्य'. प्रत्येक फाईल एकटी पाहिली तर स्वच्छ, एकही रेघ नाही. जोडल्यावर एकाच पानात दोन 'मुख्य'. ही चूक परीक्षेत आम्हां चाळीसांपैकी एकासही दिसली नाही, कारण ती दाखविणारी रेघच नव्हती. जो केवळ रेघा मोजून गुण देतो त्याने याचे गुण कोणाचे कापावेत?

मग करावे काय? पहिली गोष्ट सोपी आहे. पान ब्राउझरमध्ये उघडून त्याचा मूळ मजकूर पाहता येतो. तो सर्व्हरने जोडून धाडलेला अखंड मजकूर असतो. तोच तपासावा. टिम बर्नर्स-ली यांनी १९९४ साली स्थापन केलेल्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेचा एक तपासनीस सर्वांसाठी विनामूल्य उपलब्ध आहे. त्यास पानाचा पत्ता देता येतो, फाईल देता येते किंवा मजकूर सरळ चिकटविता येतो. आमच्यासारख्या शाळेत, जेथे नवे पान आधी प्रयोगशाळेतील संगणकावरच असते, तेथे तिसरी रीत बरी. आम्ही ती करून पाहिली. दोन 'मुख्य' तेथे ताबडतोब उघडकीस आले. त्यानंतर पानाकडे एकदा डोळ्यांनीही पाहावे, कारण माझी ती पेटी या तपासनिसानेही सोडली असती.

दुसरी गोष्ट श्रमाची, पण मला अधिक पसंत पडणारी. तुकडे असे लिहावेत की ज्याने जे उघडले ते त्यानेच मिटावे. पेटी उघडणे व मिटणे ही दोन्ही कामे एकाच सांगाड्याच्या फाईलीत ठेवावीत. माथ्यात फक्त माथा असावा, तळात फक्त तळ. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या जँगो या साधनात अशीच पद्धत आहे: एक पूर्ण सांगाडा, त्यात मोकळ्या जागा, आणि प्रत्येक पान फक्त त्या जागा भरते. असे केले म्हणजे पेटीविषयीच्या खोट्या रेघा मुळातच उमटत नाहीत. पण बत्तीस पाने चालू असताना सारी पुन्हा बांधणे एका सत्रात व्हावयाचे नाही, आणि जे चालते आहे ते केवळ एडिटरच्या समाधानासाठी मोडावे असे मी म्हणणार नाही. एकदा मोडून झाले आहे. तोवर, ज्या फोल्डरमध्ये तुकडे आहेत तेवढ्यापुरती तेवढीच तक्रार बंद ठेवावी. सारी तपासणी नव्हे.

राहता राहिली परीक्षेची गोष्ट. बाईंवर माझा रोख नाही, हे स्पष्ट केले पाहिजे. चाळीस मुले, बारा संगणक आणि एक तास, अशा वेळी रेघा मोजण्याइतकी झटपट दुसरी रीत सुचणे कठीण. माझा आक्षेप आहे तो रेघ गेली म्हणजे चूक गेली या समजुतीवर, जी आम्हां मुलांतही तितकीच आहे. माझी सूचना एवढीच: पुढील परीक्षेत प्रत्येक रेघेसमोर विद्यार्थ्याने एक ओळ लिहावी. दुरुस्त केली तर का केली, ठेवली तर का ठेवली. गुण त्या ओळीस द्यावेत. तपासावयास वेळ लागेल हे खरे. पण बत्तीस पाने दुरुस्त करण्यात बाईंचे दोन दिवस गेले, त्याहून कमी लागेल.

जुनी प्रत आता परत चढविण्यात आली आहे. एचटीएमएलमध्ये ब्राउझर दुर्लक्ष करील अशी टीप लिहिता येते, आणि तळाच्या फाईलीत त्या मिटत्या खुणेच्या वर लोधीखेड्याच्या मुलाने बाईंच्या अनुमतीने अशी टीप लिहिली आहे: 'ही पेटी माथ्याच्या फाईलीत उघडली आहे. खोडू नये.' खाली लाल रेघ तशीच आहे. गुणपत्रकात त्याचे गुण मात्र अद्याप अकराच आहेत.